शेंगा फोडायचं मशीन, फुकटातलं ड्रॉइंग आणि गावाचा साचा : कोल्हापुरात ओपन सोर्स वस्तू कशी बनवायची

मे संपत आला की आमच्या आत्तीच्या अंगणात हमखास एकच सीन असतोय. शेंगांचा ढीग, चार-पाच बायका गोल करून बसलेल्या, आणि पेरणीसाठी बियाणं फोडायचं काम चालू. बाजारातल्या मोठ्या मोटरवाल्या मशीनमधनं काढलं की दाणा दुभंगतोय नाहीतर लाल साल सोलवटतीय, आणि तसला दाणा मातीत टाकला तर उगवायची खात्री नाय, म्हणून बियाण्याचं काम हातानंच. दुसऱ्या दिवशी अंगठा सुजतोय, तिसऱ्या दिवशी चिंधी बांधून काम चालू. दोन वर्षांपूर्वी आत्ती मला म्हणाली, "तू उद्यमनगरात लेथ घालून बसलायस, जगाला पार्ट करून देतोस, आणि आम्ही अजून नखांनी शेंगा फोडतोय." लागलं हो ते मनाला. तिथनं हे सगळं सुरू झालं. आता तिघं-चौघं विचारायला लागलेत की कसं केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो, चुकांसकट.

ओपन सोर्स म्हटलं की लोकांना सॉफ्टवेअर आठवतंय, लिनक्स वगैरे. पण तीच गोष्ट लोखंडाला आणि सिमेंटलाही लागू होते. कुणीतरी मशीनचं ड्रॉइंग, मापं, मटेरियलची यादी, जोडणीचे फोटो सगळं उघडं ठेवतंय, आणि सांगतंय की बनवा, बदला, विका, फक्त अटी पाळा. बस्स. अमेरिकेत मिझुरीमध्ये मार्चिन याकुबोव्स्की नावाचा माणूस आहे, फिजिक्समध्ये पीएचडी करून शेती करायला गेला, ट्रॅक्टर सारखा मोडायला लागला, दुरुस्तीत पैसा संपला, मग म्हणाला मीच बनवतो, आणि ड्रॉइंग सगळ्यांना देतो. त्यातनं २००३ मध्ये ओपन सोर्स इकॉलॉजी उभी राहिली. ट्रॅक्टर, मातीच्या विटा दाबायचं मशीन, अशी एकूण ५० यंत्रं ठरवली, ज्यांच्यावर एक छोटं गाव आपापलं उभं राहू शकेल. ती ५० च्या ५० अजून पुरी झालेली नाहीत हे पण सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल डाउनलोड केलं की स्वर्ग. पण विचार पटण्यासारखा आहे, वस्तूची टंचाई बऱ्याचदा मटेरियलची नसतेच, ती कसं बनवायचं हे कुणीतरी कुलपात ठेवल्याची असते.

कोल्हापुरात तर हे जास्तच खरं. आमच्याकडं काय कमी आहे सांगा. शिवाजी उद्यमनगर आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी आहे, ओतकामाच्या फाउंड्र्या आहेत, ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे पॅटर्नवाले आहेत, टर्नर, फिटर, वेल्डर, सगळं एका चहाच्या अंतरावर. एके काळी इथंच ऑइल इंजिनं बनायची आणि अख्ख्या महाराष्ट्रात विहिरींवर धडधडायची. हात आहेत, मेटल आहे. नसतंय ते ड्रॉइंग. आपण आयुष्यभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर जॉबवर्क करतो, ऑर्डर थांबली की लेथ थांबली.

तर पहिलं काम, काय बनवायचं ते ठरवा. इथं बरेच जण घसरतात, कारण नेटवर बघून डोकं फिरतंय आणि पहिल्याच झटक्याला माणूस ट्रॅक्टर बनवायला निघतो. नको. अशी वस्तू घ्या जिच्यासाठी तुमच्या ओळखीतलं कुणीतरी आत्ता, या महिन्यात, बोटं दुखवून घेतंय. माझ्या बाबतीत ते शेंगा फोडणं होतं. शोधताना एक जबरदस्त गोष्ट सापडली. २००१ साली जॉक ब्रँडिस नावाचा, सिनेमाच्या सेटवर लाइटिंगचं काम केलेला माणूस आफ्रिकेत मालीमध्ये एका गावात पाण्याच्या सिस्टिमचं काम करायला गेला होता, तिथं त्यानं बायकांची बोटं शेंगा फोडून रक्ताळलेली बघितली आणि एका बाईला शब्द दिला की तुला मशीन पाठवतो. परत जाऊन शोधलं तर छोटं, स्वस्त, हातानं फिरवायचं असलं मशीन मिळेचना. मग जॉर्जिया युनिव्हर्सिटीतल्या भुईमुगाच्या एका जाणकारानं त्याला बल्गेरियातल्या जुन्या यंत्राची कल्पना सांगितली, त्यावरनं त्यानं स्वतःचं बनवलं, तेही सिमेंट काँक्रीटचं. पुढं फुल बेली प्रोजेक्ट नावाची संस्था काढून ते डिझाइन जगाला खुलं केलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं ते तासाला ५७ किलोपर्यंत उन्हात वाळवलेल्या शेंगा फोडतंय आणि दोन हजार वस्तीच्या गावाला एक पुरतंय. मी वाचलं आणि आत्तीचा अंगठा डोळ्यापुढं आला. मालीतली बाई आणि पन्हाळ्याकडची आत्ती, दुखणं एकच.

मशीन आतनं कसं चालतंय ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की बाकी सगळं सोपं जातंय. बाहेर सिमेंटचं एक पोकळ भांडं, आत सिमेंटचाच एक गाभा, दोघांचा आकार शंकूसारखा निमुळता. गाभ्यातनं लोखंडी शाफ्ट, म्हणजे दांडा, गेलेला, वर हँडल. दोघांच्या मधली फट वर रुंद आणि खाली येईल तशी अरुंद. वरनं शेंगा टाकायच्या, हँडल फिरवायचं, शेंग दोन भिंतींच्या मधनं लोळत लोळत खाली येते, आणि जिथं फट तिच्या जाडीपेक्षा कमी होते तिथं टरफल कडकन फुटतंय. दाणा टरफलापेक्षा बारीक असतो म्हणून तो सटकून खाली पडतो. झालं. पातं नाय, मोटर नाय, चाळणी नाय. खाली पडलेलं सगळं सुपात घेऊन पाखडायचं, फोलपटं उडतात, दाणे राहतात. टरफलं उचलायची कुणी हा वाद लोकमान्यांच्या शाळेपासून चालू आहे, त्यात मी पडत नाय.

आता दुसरं काम, आणि हे लोक करतच नाहीत : लायसन्स वाचा. उघडं दिसतंय म्हणजे वाट्टेल ते करा असं नसतंय. काही ड्रॉइंगवर लिहिलेलं असतंय की घरी वापरा पण विकायचं नाय, क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये त्याला नॉन-कमर्शियल म्हणतात. तुम्ही चार मशीन करून विकणार असाल तर तसलं घेऊ नका. सर्न, म्हणजे ते जिनिव्हाचं अणुविज्ञानाचं केंद्र, त्यांनी २०११ मध्ये खास हार्डवेअरसाठी ओपन लायसन्स काढलं, २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, त्यात तीन प्रकार आहेत. कडक प्रकारात तुम्ही काही बदल करून वस्तू दुसऱ्याला दिली की बदललेलं ड्रॉइंग पण उघडं करावं लागतं. सैल प्रकारात ते बंधन नाय, आणि तिसरा त्या दोन्हीच्या मधला. आणि अजून एक, जे आपल्याकडं फार कमी जणांना माहीत असतंय : भारतात पेटंट २० वर्षांचं असतं, अर्ज केल्याच्या तारखेपासून. मुदत संपली की तो शोध सगळ्यांचा. थ्रीडी प्रिंटरचं हेच झालं बघा. इंग्लंडमध्ये बाथ युनिव्हर्सिटीत एड्रियन बॉयरनं २००५ मध्ये रेपरॅप सुरू केलं, प्रिंटर जो स्वतःचेच पार्ट छापेल. २००८ मध्ये पहिल्या मशीननं छापलेल्या पार्टमधनं दुसरं मशीन उभं राहिलं. २००९ मध्ये प्लास्टिकचा धागा वितळवून थरावर थर द्यायच्या पद्धतीचं मुख्य पेटंट संपलं आणि लाखांत मिळणारी वस्तू बघता बघता हजारांत आली. प्लास्टिक तेवढंच, मोटरी त्याच, फक्त कुलूप निघालं.

तिसरं काम, परदेशी ड्रॉइंग कोल्हापुरी करणं. इथं मी पैसे घालवलेत, तुम्ही घालवू नका. मी पहिल्यांदा एका परदेशी डिझाइनची डीएक्सएफ फाइल, म्हणजे कटिंगच्या ड्रॉइंगची फाइल, लेझर कटिंगवाल्याला व्हॉट्सॲप केली आणि निवांत चहा पीत बसलो. अर्ध्या तासानं फोन, "दादा, ही टिकली कशाला कापायची?" झालं असं होतं की प्लेट होती दहा इंचाची, पण त्या फाइलमध्ये नुसता १० हा आकडा असतोय, इंच का मिलीमीटर हे बऱ्याच वेळा लिहिलेलंच नसतंय. त्याच्या सॉफ्टवेअरनं १० मिलीमीटर धरलं. नशीब त्यानं फोन केला, दुसऱ्या एकानं फोन न करता तसलेच सहा पीस कापून दिलेले, ते अजून ड्रॉवरमध्ये आहेत, पोरं खेळतात. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात १०० मिलीमीटरचा एक चौकोन काढून ठेवतो आणि खाली लिहितो, हा चौकोन १०० चा आला तरच कापा. इंचाची फाइल असली तर २५.४ नं गुणायचं, एवढंच आहे, पण विसरलं की गेलं.

मापं बदलायची म्हणजे नुसतं गुणायचं पण नाय. ड्रॉइंगमध्ये अर्ध्या इंचाचा शाफ्ट असला तर ते होतंय १२.७, आणि तुम्ही बाजारात १२.७ चा ब्राइट बार मागायला गेला तर दुकानदार तुमच्याकडं बघत बसतोय. आपल्या जुन्या मेस्त्र्यांना चार सूत म्हटलं की लगेच कळतंय, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण दुकानात सहज मिळतोय तो १२ चा नाहीतर २० चा. मग आधी बाजारात काय मिळतंय ते बघायचं आणि ड्रॉइंग त्याच्यामागं न्यायचं. मी सरळ २० चा बार घेतला, कारण त्याला बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळतंय. बेअरिंगचा नंबर वाचायची युक्ती सांगतो, ६२०४ असेल तर शेवटचे दोन आकडे ०४, त्याला पाचानं गुणा, २० मिलीमीटरचं भोक. ६२०५ म्हणजे २५. ०४ पासून पुढं हा हिशोब चालतोय. आणि हे जगभर एकच आहे, कुठल्याही कंपनीचं ६२०४ घ्या, आत २०, बाहेर ४७, जाडी १४. विचार केला तर हे पण एक प्रकारचं उघडं ड्रॉइंगच की, म्हणून तर अर्ध्या रात्री मोडलेलं मशीन सकाळी चालू होतंय.

ड्रॉइंगसाठी सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाय, आणि क्रॅक तर अजिबात टाकू नका, व्हायरस येतोय. फ्रीकॅड आहे, साध्या टू-डी कामाला लिब्रेकॅड आहे, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. शिकायला कटकट आहे, खोटं कशाला बोलू, पहिला आठवडा मी रोज शिव्या घातल्या. पण एकदा मापं आकड्यांत न घालता नावानं घातली, म्हणजे शाफ्टचा व्यास असं एक खातं करून ठेवलं, की २० चं २५ केल्यावर सगळी भोकं आपोआप बदलतात.

आता खरं काम. साचा.

मूळ डिझाइनमध्ये फायबर ग्लासचे साचे असतात, एक बाहेरच्या भांड्याचा, एक आतल्या गाभ्याचा. मी आधी पत्र्याचा करायला गेलो, वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्रा वाकडा झाला. मग डोक्यात आलं, अरे आपल्याकडं साच्याचे बाप बसलेत, गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत. गणपती आले की अख्खी गल्ली साच्यांवर चालते. तिथल्या ओळखीच्या एका कारागिराकडं गेलो, मार्च महिना होता, गणपतीचा सीझन लांब, हातात वेळ होता. त्याला चित्र दाखवलं. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "निघणार कसं?" मला आधी प्रश्नच कळला नाय. म्हणजे साच्यातनं माल बाहेर येणार कसा, उतार कुठल्या बाजूला आहे. फाउंड्रीत यालाच ड्राफ्ट म्हणतात, पॅटर्नला एक-दोन डिग्रीचा उतार नसला तर वाळूतनं काढताना वाळू ढासळतीय. मूर्तिकाराला ते डिग्रीत माहीत नव्हतं, हातात माहीत होतं. मूर्तीवाला आणि पॅटर्नवाला कधी एकमेकांकडं चहाला जात नसतील, पण दोघांचा पहिला प्रश्न एकच.

त्यानं आधी लाकूड आणि प्लास्टरचा मूळ आकार केला, घासून गुळगुळीत, त्यावर मेणाचा हात, मग रेझिन आणि फायबर मॅटचे तीन थर. तुम्ही स्वतः करणार असाल तर एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवा. रेझिनमध्ये दोन गोष्टी पडतात, कोबाल्ट आणि हार्डनर. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. हे दोन्ही एकमेकांत सरळ कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतोय, स्फोट पण होऊ शकतोय. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा घाला. उघड्यावर करा.

आणि आमची मोठी चूक इथंच झाली. साचे दोन केले पण दोघांना मध्यभागी धरणारं काहीच केलं नाय. काँक्रीट ओतलं, सुकलं, जोडलं, आत्तीच्या अंगणात नेलं, गल्ली गोळा झालेली. शेंगा टाकल्या, हँडल फिरवलं. एका बाजूनं शेंगा अख्ख्याच्या अख्ख्या खाली, दुसऱ्या बाजूनं भुकटी. गाभा तीन मिलीमीटर सरकलेला, एका अंगाला फट मोठी, दुसऱ्या अंगाला नाहीच. आत्तीनं खाली पडलेलं मुठीत घेतलं, बघितलं आणि म्हणाली, "बियाणं मागितलेलं रे, तू कूट करून दिलास. बस आता, चटणी करते." त्या रात्री खरंच चटणी-भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या पॅटर्नवाल्या काकांना सांगितलं तर ते हसतच सुटले, "डॉवेल कुठाय तुझं?" मोल्डिंगच्या पेटीचे वरचे-खालचे भाग पिनांवर बसतात म्हणून कास्टिंग सरकत नाय, एवढं साधं. आता आमच्या साच्याला खाली तीन पिना आहेत आणि शाफ्ट ओतायच्या आधीच वर-खाली दोन पट्ट्यांत धरलेला असतोय. तुम्ही पहिल्यापासून हेच करा.

ओतायचं मिश्रण : एक भाग सिमेंट, दोन भाग बारीक वाळू, खडी नाय कारण भिंत पातळ आहे. क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, चालते पण चाळून आणि धुऊन, आतली धूळ गेली पाहिजे. पाणी बेतानं, मिश्रण साच्यात सरकलं पाहिजे पण वर पाणी सुटायला नको, जास्त पाणी घातलं की ओतायला बरं वाटतंय आणि नंतर भिंत ठिसूळ. साच्याला आतनं तेलाचा हात लावायचा आणि इथं वर्कशॉपातलं जळकं ऑइल लावू नका, खायची वस्तू जाणार आहे त्यातनं, घरचं शेंगतेल लावा. थोडं थोडं ओतून बाहेरनं लाकडी हातोडीनं ठोकत राहायचं, बुडबुडे वर येतात. गाभ्यातल्या शाफ्टला आधीच दोन-तीन पट्टीचे तुकडे आडवे वेल्ड करा म्हणजे काँक्रीटमध्ये पकड बसते, नाहीतर हँडल फिरतंय आणि गाभा जागेवरच. एक दिवसानं साचा काढा, गोणपाट ओलं करून गुंडाळा, कमीत कमी सात दिवस पाणी मारा. पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात, घाई केली तर कडा तुटतात. आमची तुटली.

फट लावायची युक्ती. शाफ्टला वर आटे पाडलेत, नट फिरवून गाभा वर-खाली करता येतोय, तेवढ्यानं फट कमी-जास्त होते. खालची फट किती ठेवायची? तुमच्याच ढिगातनं दहा दाणे घ्या, सगळ्यात जाड दाणा व्हर्नियरनं मोजा, आणि सगळ्यात बारीक शेंग मोजा, फट या दोन मापांच्या मध्ये. दाण्यापेक्षा मोठी, शेंगेपेक्षा लहान. आता ढिगात मोठ्या आणि बारीक शेंगा मिसळलेल्या असतील तर हे जमणारच नाय, म्हणून आधी चाळणीनं दोन वाटे करा, मोठ्या वेगळ्या, बारीक वेगळ्या, आणि दोनदा फट लावा. हे एकच काम केलं आणि आमची दाणे फुटायची तक्रार निम्म्याच्या वर गेली. शेंगा खणखणीत वाळलेल्या पाहिजेत, हातात घेऊन हलवली की आत दाणा वाजला पाहिजे. पहिल्या दोन-चार किलोत सिमेंटची भुकटी येते, ते दाणे खाऊ नका, जनावरालाही घालू नका, टाकून द्या. ५७ किलोचा आकडा आम्ही कधी गाठला नाय, आमच्याकडं तासाला तीस-पस्तीस किलो निघतंय, दोघी बायका आलटूनपालटून फिरवतात. बियाण्याचे दाणे नंतर निवडावेच लागतात, पण निवडणं वेगळं आणि नखानं फोडणं वेगळं.

मधेच एक गोष्ट सांगतो, लोखंडी पार्ट ओतून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी. आम्ही हँडलचा हब, म्हणजे शाफ्टवर बसणारा मधला भाग, कास्ट आयर्नचा करून घेतला. पॅटर्न थ्रीडी प्रिंटरवर छापला तरी चालतोय, पण छपाईच्या रेषा वाळूला धरून बसतात, म्हणून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, रंग मारून गुळगुळीत करा. आणि मूळ मापात छापू नका. बीड, म्हणजे कास्ट आयर्न, थंड होताना साधारण एक टक्का आकसतंय, म्हणून १०१ टक्क्यानं छापा, जिथं लेथवर काढायचंय तिथं वर तीन मिलीमीटर जास्तीचे ठेवा. बरेच जण जुना मोडका पार्टच पॅटर्न म्हणून वाळूत दाबतात आणि मग नवीन पार्ट बसत नाय म्हणून मोल्डरला शिव्या घालतात. जुना पार्ट एकदा आकसून झालेला असतोय, त्याच्यावरनं ओतलेला अजून एकदा आकसणार, आणि झिजलेलं वेगळंच. चार नगांसाठी फाउंड्री भट्टी पेटवत नाय हे पण समजून घ्या. त्यांच्या हीटच्या, म्हणजे मेटल वितळवायच्या वेळी मोल्ड तयार ठेवून जा, शेवटी लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या पळीत, उरलेलं मेटल असतंय, ओळख असली तर त्यातनं ओतून देतात. चहा-वडा घेऊन जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं माझं मत ठाम आहे. मशीन वाटू नका, साचा वाटा. आमच्या धंद्यात ज्याच्याकडं पॅटर्न त्याच्याकडं धंदा, म्हणून गिऱ्हाईक पॅटर्न कुलपात ठेवतंय. आम्ही उलटं केलं. फायबरचा साचा गावच्या दूध संस्थेच्या नावावर केला, ज्याला मशीन पाहिजे त्यानं सिमेंट, वाळू, बार आपलं आणायचं, साचा आठ दिवस न्यायचा, धुऊन परत द्यायचा. एक वही ठेवलीय, कोण घेऊन गेलं, कधी आणलं, काय तुटलं. साच्याचा खर्च एकदाच, आणि एका मशीनचा मटेरियलचा खर्च आमच्याकडं अडीच हजाराच्या आतच बसला, बेअरिंग आणि लेझर कटिंग धरून. आपल्याकडं पाणीपुरवठा संस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था हे सगळं आधीच आहे, सामायिक वस्तू सांभाळायची सवय आहे आणि सामायिक वस्तूवरनं भांडायची पण आहे. म्हणून वही पाहिजेच. वहीत शेवटी एक पान "काय बदललं" याचं. बोरपाडळ्याच्या बाजूच्या एका पोरानं हँडलच्या जागी जुन्या सायकलचं पॅडल आणि चेन बसवली, त्याचा फोटो आणि मापं त्या पानावर आहेत, आणि तेच आम्ही ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये पण चढवलं. उघडं घेतलंय तर उघडं ठेवायचं, नाहीतर पुढच्या गावाला परत टिकलीपासून सुरुवात.

कुणाला हे सगळं मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर अमेरिकेला जायची गरज नाय. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे, तिथं डॉ. कलबाग सरांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या पोरांना हातानं काम करत शिकवायचं. अमेरिकेतल्या एमआयटीनं जगभर फॅब लॅब, म्हणजे कुणालाही वस्तू बनवता येईल अशी वर्कशॉपं, काढल्या ना, त्यातली एमआयटीबाहेरची अगदी पहिल्यांपैकी एक २००२ मध्ये पाबळला झाली. एका गावात. लेझर कटर आणि गाईचा गोठा एकाच आवारात, मला तर ते बघूनच बरं वाटलं.

काय होत नाय ते पण सांगतो म्हणजे नंतर मला फोन नको. सिमेंट गावात बनत नाय, रेझिन बनत नाय, बेअरिंग बनत नाय, प्रिंटरच्या आतली चिप तर लांबच राहिली. २०१९ च्या पुरात हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, कित्येक दिवस ट्रक उभे, शहरात पेट्रोल आणि दुधाची बोंब. तेव्हा कळलं की आपण किती गोष्टी बाहेरनं आणतो. पण हेही कळलं की सगळं गावातच ठेवून पण भागत नाय, कारण पाणी गावातच आलं होतं. माझ्या एका मित्राचे वीस वर्षांचे लाकडी पॅटर्न त्या पाण्यात फुगून वाया गेले आणि त्यातल्या निम्म्यांचं ड्रॉइंग कुठंच नव्हतं, डोक्यात होतं, ते पण त्याच्या वडिलांच्या, आणि वडील आता नाहीत.

म्हणून आमचे साच्यांचे संच दोन आहेत. एक वर पन्हाळ्याच्या अंगाला आत्तीच्या गावात, दुसरा खाली नदीकाठच्या आंबेवाडीला एका मित्राच्या शेडमध्ये. ड्रॉइंग तिघांच्या फोनमध्ये, एका पेनड्राइव्हमध्ये आणि छापून वहीत चिकटवलेलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. आम्ही ३५ ला आंबेवाडीचा साचा हलवतो, ३९ ची वाट बघत नाय, कारण तेव्हा सगळ्यांनाच टेम्पो पाहिजे असतोय आणि भाडं दुप्पट. या वर्षी जूनमध्ये कुणाला न्यायचा असेल तर आधी वहीत नाव घाला, आणि येताना पोतं घेऊन या, मागच्या वेळी नेलेल्यानं परत आणताना एक पिन वाकवलीय.